एका टाचणीवरची जोडी

त्याच्या नावाची एक माशी होती. हसू नका. कुणाच्या नावाचा रस्ता असतो, कुणाच्या नावाचा पूल असतो, तशी याच्या नावाची माशी होती, आणि तीही कुणी थट्टेत ठेवलेली नव्हे. एका जाड मासिकात चार आकृत्या काढून रीतसर छापलेली. तो अंक त्याने दुकानातल्या गल्ल्याखाली ठेवला होता आणि वर्षातून चार-पाच गिऱ्हाइकांच्या नशिबी तो बघणं येई.

धंद्याने तो चष्मेवाला. बाजाराच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाशेजारच्या अकरा पायऱ्या चढून गेलं की त्याचं दुकान. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मागे पडद्याआड डोळे तपासायची खोली. खोली इतकी अरुंद की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या पाठीमागे टांगलेला, आणि गिऱ्हाइकाने तो समोरच्या आरशात बघून वाचायचा. त्याच्याही मागे भिंगं घासायचं यंत्र आणि एक लांब टेबल. त्या टेबलावर गेली सत्तावीस वर्षं माशांचा संसार होता.

माशा म्हणजे कसल्या, असं कुणी चुकून विचारलं की त्याची गाडी सुटे. पोळं करणाऱ्या, मध साठवणाऱ्या माशा सगळ्यांना ठाऊक असतात. याच्या त्या नव्हेत. याच्या रानमाशा, एकेकट्या राहणाऱ्या. कुणी भुसभुशीत जमिनीत बीळ करते, कुणी पोकळ काडीत घर मांडते, कुणी पानांच्या गोल चकत्या कापून पिल्लाला अंथरूण करते, आणि एखादी बया स्वतः काहीच न करता दुसरीच्या घरात अंडं घालून पसार होते. अशा दोनशे सहा जाती त्याने त्या मुलखात ओळखून काढल्या होत्या. सुटीच्या दिवशी जाळं घेऊन हिंडायचं, पकडलेली माशी टाचणीला लावायची, भिंगाखाली धरायची, आणि तिची चिठ्ठी लिहायची. एवढंच त्याचं वेड. दारू नाही, पत्ते नाहीत, म्हणून बायकोनेही कधी तक्रार केली नव्हती.

या चिठ्ठ्यांचं प्रकरण जरा समजून घ्यायला हवं. प्रत्येक टाचणीवर माशीच्या खाली नखाएवढी चिठ्ठी असते: कुठे सापडली, कधी, कुणी पकडली. तिच्याखाली दुसरी: कुणी ओळखली. पुढे कुणाला वाटलं की आधीच्याने चूक केली, तर त्याने आपली तिसरी चिठ्ठी खाली लावायची, पण आधीची काढायची नाही. कधीच नाही. माणूस मरो, संग्रहालय बदलो, चिठ्ठी हलत नाही. आणि आणखी एक रीत. नर-मादी एकत्र आलेली जोडी हाती लागली तर ती दोघं एकाच टाचणीवर लावायची. कारण या माशांत नवरा-बायको एकमेकांसारखे दिसतीलच असं नाही. कधी कधी तर इतके वेगळे, की शंभर वर्षं लोक त्यांना दोन जाती समजून बसतात. ती दोघं एकाच घरची आहेत हे सांगणारी सगळ्यात भक्कम साक्ष म्हणजे ती जोडीची टाचणी.

त्याची माशी अशीच एकटी होती. एकोणीस वर्षांपूर्वी नदीच्या उतारावर त्याला ती सापडली. तोंड पिवळंधमक, मिशा अंगाएवढ्या लांब. त्या वेळच्या प्राध्यापकांनी बघून सांगितलं, नवी आहे, आणि शोधणाऱ्याचं नाव तिला देऊन टाकलं. पण सापडले ते सगळे नर. छापील वर्णनाच्या शेवटी दोन शब्द होते: 'मादी: अज्ञात'. या दोन शब्दांपायी त्याने एकोणीस बहर त्या उतारावर चपला झिजवल्या. मेव्हणा भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, जमलं का तुमच्या माशीचं लग्न?" तो हसण्यावारी नेई, पण आतून त्याला ते लागे.

आता बायकोकडे येऊ. ती शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, कोटांची अस्तरं. घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, आणि खिडकीबाहेर निळ्या फुलांचं एक दांडगं झुडूप. एकोणतीस वर्षं ती त्या खिडकीशी बसत होती आणि त्या झुडपावर काय येतं-जातं याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऐन बहरात दोन महिने पाय लांब करून पडून राहायचं म्हणजे त्याला शिक्षाच होती. तो अंथरुणातून म्हणाला, "अगं, नाहीतरी तू तिथंच बसलेली असतेस. झुडपावर कोण कोण येतं तेवढं टिपून ठेव. चुकलं तरी चालेल."

हे 'चुकलं तरी चालेल' त्याला पुढे फार महागात पडलं.

तिने मापांच्या वहीत मागच्या बाजूने लिहायला सुरुवात केली. तिला शास्त्रातले शब्द कुठले माहीत असणार? तिने आपले लिहिले. 'मागच्या पायाला दुहेरी झालर.' 'पोटाला पाच पांढऱ्या पट्ट्या, शेवटची उसवल्यासारखी.' 'हिच्या पाठीचा रंग कापडाच्या उलट्या बाजूसारखा, सुलट्या नव्हे.' पहिल्या आठवड्यात ती पानं वाचून तो पोट धरून हसला. दुसऱ्या आठवड्यात त्याने ती पुन्हा वाचली आणि हसला नाही. ज्या दोन माशांतला फरक त्याला भिंगाखाली दहा मिनिटं बघून कळे, तो तिने शिवता शिवता, तीन हातांवरून, मान वर करून टिपला होता. आणि तेही त्यानेच करून दिलेल्या चष्म्यातून.

तो उठून चालायला लागला तरी तिची वही बंद झाली नाही. मशीनच्या खणात तिने एक काचेची बरणी ठेवली. टाचण्या कशा लावायच्या हे त्यानेच शिकवलं, मोठेपणा मिरवत, आणि महिन्याभरात तिच्या टाचण्या त्याच्यापेक्षा सरळ बसायला लागल्या. बसणारच. तिचा जन्म टाचण्यांत गेला होता.

त्या मुलखाची रानमाशांची मोठी सूची तेव्हा तयार होत होती. ती करणाऱ्या प्राध्यापकबाई संग्रहालयातून अधूनमधून त्याच्याकडे येत. एकदा घरी आल्या असताना त्यांच्या हाती ती मापांची वही लागली. चहा गार होईपर्यंत त्या वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कुणी लिहिलंय?"

"अहो, ते हिचं. असंच आपलं. वेळ जात नाही म्हणून," तो म्हणाला.

"असंच काय? 'शेवटची पट्टी उसवलेली' हे वाचल्यावर माझ्या विद्यार्थ्याला ही माशी जन्मात चुकणार नाही. बाई, मी हे तुमचेच शब्द सूचीत घेतले तर चालेल ना?"

बायको लाजून आत गेली. चष्मेवाला हसत राहिला, पण त्याच्या पोटात कुणी तरी चिमटा काढला. सत्तावीस वर्षं तो 'पश्चपादाच्या नळीवर विरळ केस' असं लिहीत आला होता आणि त्याच्या एका वाक्यावर कुणाचा चहा गार झाला नव्हता.

तिथून सुरू झालं. आधी प्राध्यापकबाईंचा फोन त्याला येई, आता तो उचलला की दोन वाक्यं त्याच्याशी आणि मग, "बाई आहेत का जवळ?" वर्षभरात तिने झुडपावरच्या पाच जाती शोधल्या, ज्या त्याच्या दोनशे सहांत नव्हत्या. पाच! त्याच्या घराच्या मागे, त्याच्या नाकाखाली! दोनशे अकरा झाल्या म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. लांब राहणाऱ्या लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, आईने तुमची विकेट काढली हं," आणि तो "हो, हो" म्हणाला आणि मग संध्याकाळभर घुम्यासारखा बसला.

हेवा हा प्रकार दुसऱ्या कुणाचा वाटला तर माणूस निदान घरी येऊन बायकोला सांगू शकतो. याला ती सोय नव्हती. तो तिच्या वहीत चुका शोधायला लागला. लाल पेन घेऊन बसला की जिथे ती 'वीतभर वर' म्हणे तिथे तो 'किती सेंटीमीटर?' असं लिही. एकदा तर त्याने घरच्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा स्वतःच सैल करून ठेवला आणि म्हणाला, "दिवा गेलाय, आणायला हवा, बघू कधी जमतं." तिने मशीनचा छोटा दिवा ओढून भिंगाजवळ घेतला आणि काम चालू ठेवलं. वर म्हणाली, "अहो, याचा उजेड जास्त बरा पडतोय की!" त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

एका दुपारी तो जेवायला घरी आला तर ती दारातच उभी. मापाची फीत गळ्यात, हातात कागदाची छोटी पेटी, आणि चेहरा लेकीचं लग्न ठरल्याच्या दिवशी होता तसा.

"हात धुऊ नका. आधी बघा."

पेटीत एकच टाचणी. टाचणीवर दोघं. त्याने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. वर पिवळं तोंड, अंगाएवढ्या मिशा. त्याचीच माशी. तो नर त्याने झोपेतही ओळखला असता. आणि त्याच्या खाली, त्याला अजून चिकटलेली, मादी.

"झुडपावरच होती दोघं. मी बरणी उपडी घातली, फ्रीजमध्ये ठेवली, तरी सुटली नाहीत. तुम्ही सांगितलं होतंत ना, जोडी एका टाचणीवर लावायची म्हणून? तशीच लावली. अहो, एकोणीस वर्षांनी तुमच्या माशीला बायको मिळाली! आता तुमच्या मेव्हण्यांना सांगा की लग्न जमलं म्हणून."

तो खालच्या मादीकडे बघतच राहिला. कारण ती त्याच्या ओळखीची होती. ती राखी होती. राखी ही त्या मुलखातली इतकी साधी माशी की नवशिक्याच्या पहिल्या जाळ्यात तीच येते. आखूड मिशा, करडी लव, पायांना पराग. कुणी तरी शंभर वर्षांपूर्वी एका मादीवरून तिचं वर्णन करून नाव ठेवलं होतं, आणि तिचा खरा नर कोणता याचा फारसा विचार कुणी केला नव्हता. यानेही नाही. त्याच्या पेटीत तिच्या चाळीस टाचण्या होत्या.

बायकोला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि त्याला होती. दोन नावं एकाच जातीची निघाली तर जुनं नाव राहतं आणि नवं जातं. म्हणजे त्याच्या माशीला बायको मिळाली त्याच क्षणी त्याची माशी संपली होती. उरला होता तो राखीचा नवरा. जगात त्याच्या नावाची जी एक गोष्ट होती ती त्याच्याच बायकोने, काचेच्या बरणीत धरून, आनंदाने, त्याच्या हातात आणून दिली होती.

"काय झालं? बोला ना काही तरी," ती म्हणाली.

"बघतो. दुकानात नीट बघतो. घाईत असं काही ठरवायचं नसतं."

"मला वाटलं तुम्ही नाचाल," ती म्हणाली, आणि पानं घ्यायला आत गेली.

दुकानात त्याने पेटी टेबलावर ठेवली आणि उरलेला दिवस तिच्याकडे बघितलं नाही. सूचीची अखेरची पानं महिन्याभरात छापायला जायची होती. त्यात त्याच्या माशीचं पान होतं. या टाचणीबद्दल तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर नाव जाण्याचंही त्याने एखादवेळी सोसलं असतं. कुणा परदेशी पंडिताने ते पुसलं असतं तर तो चार दिवस हळहळून गप्प बसला असता. पण ही? दोन वर्षांपूर्वीपर्यंत माशी आणि चिलट यांतला फरक न कळणारी? सूचीत तिची पाच पानं वाढणार, त्याचं एक गळणार, आणि तेही तिच्यामुळे. हा विचार त्याला काही केल्या गिळता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याने झाकणाच्या डबीत ओली वाळू घातली आणि टाचणी तिच्यात रोवून ठेवली. वाळलेली माशी अशी दमट हवेत दीड दिवस ठेवली की मऊ पडते. मऊ पडल्यावर त्याने चिमट्याने ती दोघं हळूच सोडवली. दोन टाचण्या, दोन नव्या चिठ्ठ्या, दोन पेट्या. नर त्याच्या नावाच्या पेटीत गेला. मादी राखीच्या पेटीत, चाळिसांत एक्केचाळिसावी. बायकोच्या अक्षरातली मूळ चिठ्ठी त्याने काचेच्या चुऱ्याबरोबर कचऱ्यात टाकली. सत्तावीस वर्षांत त्याने टाचणीवरची चिठ्ठी काढली नव्हती. काम सफाईने झालं.

घरी जाऊन तो म्हणाला, "अगं, ती जोडी नव्हती."

"म्हणजे? चिकटलेली होती की."

"नर आंधळे असतात घाईत. दुसऱ्याच जातीच्या मादीवर झडप घालतात. आणि तू चिकटलेली म्हणतेस, ती नुसती लव अडकली होती. भिंगाखाली धरल्याबरोबर सुटली. तुला दिसलं तसं नव्हतं ते."

"मला अगदी स्पष्ट दिसलं हो," ती म्हणाली.

"दिसतं तसं. सवय लागते त्याला. सत्तावीस वर्षं लागतात."

ती मशीनवर बसली आणि एका गणवेशाची बाही जोडायला घेतली.

त्यानंतर झुडपावरचा बहर आठवडाभर टिकला, पण तिच्या वहीत नवी ओळ आली नाही. त्याने रोज चोरून बघितलं. पहिल्या दिवशी त्याला बरं वाटलं, हे मान्य केलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही वाटलं. प्राध्यापकबाईंचा फोन आला तर तिने हात हलवून 'तुम्हीच बोला' म्हटलं आणि तो पाऊण तास बोलला, जुन्या दिवसांसारखा. तरी मन काही भरेना. ती खिडकीचा पडदा ओढून घेऊन शिवायला लागली होती. विचारलं तर म्हणाली, ऊन येतं.

नवव्या दिवशी दुपारी तो पडद्याआडून एका म्हातारबाबांना सोडायला बाहेर आला, तर कपाटाशेजारच्या बाकावर ती बसलेली. गिऱ्हाइकासारखी, पिशवी मांडीवर घेऊन, नंबर लागायची वाट बघत. इतक्या वर्षांत ती डबा द्यायला आली असेल तेवढीच.

"तू कशी?"

"डोळे तपासून घ्यायचेत. नंबर वाढला असणार माझा."

तो हसायला गेला, पण ती हसत नव्हती. आत जाऊन ती तपासायच्या खुर्चीत बसली. त्याने तिच्या नाकावर भिंगं बदलायची जड फ्रेम चढवली आणि समोरच्या आरशाकडे बोट केलं. ती वाचत गेली. वरची मोठी अक्षरं, मधली, बारीक, आणि शेवटी ती ओळ, जी तक्ता छापणाऱ्याने बहुधा कुणी वाचेल म्हणून छापलेलीच नसते. न अडखळता वाचली. मग त्याने तिचा नेहमीचा जवळचा नंबर घातला आणि हातात धरायचं कार्ड दिलं. तेही तळापर्यंत वाचलं.

तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकांत असे डोळे वर्षाकाठी एखाद्याचे निघत.

"थोडा वाढलाय," तो म्हणाला. का म्हणाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. जीभच तशी वळली. त्याने खोक्यातून आणखी एक भिंग काढून फ्रेममध्ये सरकवलं. "अर्धा."

तिने कार्ड पुढे धरलं, मग जवळ घेतलं, मग लांब नेलं. "आता उलट धूसर दिसतंय हो."

"सवय होईल."

"होईल. तुम्ही म्हणता तर होईल." ती आरशातून त्याच्याकडे बघत होती. "बरं झालं दाखवलं ते. मी विचार करत होते, त्या जोडीचं जर इतकं चुकलं, तर वहीतलं बाकीचं तरी कशावरून खरं? त्या पाच माशासुद्धा. सूची छापून गेल्यावर कळलं तर तुमचं हसू व्हायचं. लोक म्हणतील, बायकोचं म्हणून खपवलं. मी बाईंना चिठ्ठी लिहिलीय. माझं सगळं काढून टाका म्हणून." तिने पिशवीवर थाप मारली. "जाताना टाकते."

आता ऐका. गेल्या दोन वर्षांत त्याला मनातून जे जे हवं होतं ते सगळं त्या एका चिठ्ठीत होतं. पाच पानं जाणार, झालर जाणार, उसवलेली पट्टी जाणार, पुन्हा त्याच्या दोनशे सहा, आणि त्याची माशी आपल्या पानावर सुखाने अविवाहित. त्याला गप्प बसण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. आणि क्षणभर, खोटं कशाला बोला, त्याला हर्ष झाला.

ती अजून कार्डाशी झटत होती. जवळ, लांब, पुन्हा जवळ. चांगल्या डोळ्यांनी वाईट बघायची सवय करून घेत होती, तो म्हणाला म्हणून.

त्याने पुढे होऊन ते भिंग काढून घेतलं.

"नंबर वाढलेला नाही."

"मघाशी म्हणालात…"

"खोटं बोललो. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. ती जोडीच होती. मी ती वाळूच्या डबीत मऊ केली आणि सोडवली. इथंच, मागच्या टेबलावर. वेगवेगळ्या पेट्यांत टाकली. ती मादी राखी आहे, आणि राखीचं नाव जुनं आहे. जोडी खरी धरली तर माझं नाव जातं."

 ती फ्रेम तशीच नाकावर ठेवून बसली होती.

"नावासाठी केलंत?"

त्याला हो म्हणता आलं असतं. ते त्यातल्या त्यात अब्रूचं होतं. "नाही. नुसतं नावासाठी नाही. तुला सापडली म्हणून. तुझा हेवा वाटतो मला. दोन वर्षं वाटतोय. तो सूक्ष्मदर्शकाचा दिवासुद्धा गेला नव्हता."

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "दिवा सैल आहे हे कळायला काय लागतं? मला वाटलं, गुडघा दुखतोय म्हणून चिडचिड करताय." मग तिने फ्रेम काढली आणि मांडीवर ठेवली. "एकोणीस वर्षं तिला शोधत होता. मी तुमच्यासाठी आणली होती हो ती. माझ्यासाठी नव्हती आणली."

त्याने तिच्या मांडीवरची फ्रेम उचलून खोक्यात ठेवली.

"फोन लावा बाईंना," ती म्हणाली. "मी नाही लावणार. तुम्ही सांगा."

दोघं बाहेर काउंटरशी आली आणि त्याने लावला. उभ्यानेच सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही.  मग प्राध्यापकबाईंनी एकच विचारलं, "चिठ्ठी काढलीत? टाचणीवरची?"

"हो."

"कुठंय ती?"

"टाकली."

बायकोला फसवल्याचं ऐकून त्या गप्प राहिल्या होत्या. हे ऐकून त्यांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. मग त्यांचा आवाज कामाचा झाला. सोडवलेली जोडी आता साक्ष म्हणून चालणार नाही. नवी जोडी मिळेपर्यंत त्याच्या माशीचं पान सूचीत ठेवायचं नाही, आणि राखीच्या पानावर टीप टाकायची: नर कोणता याचा शोध चालू आहे, निरीक्षण अमुक बाईंचं. त्याचं नाव टिपेत कुठे येईल का, हे विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

"बाईंना द्या फोन," त्या म्हणाल्या.

त्याने दिला. ती पाठ वळवून, खिडकीकडे तोंड करून बोलायला लागली. आधी नुसतं "हं, हं." मग हळू आवाजात बरंच काही. आणि मग ती चक्क हसली. गेल्या नऊ दिवसांत तिला हसताना त्याने ऐकलं नव्हतं. तो काउंटरच्या अलीकडे उभा राहून फ्रेमा पुसल्यासारखं करत होता, आणि सगळं कबूल करून मोकळा झालेला असूनही त्याला पुन्हा तेच झालं, तसंच, पोटात, त्याच जागी. त्या दोघी कशाला हसल्या हे त्याला कळायला हवं होतं.

तिने फोन ठेवला, पिशवीतली चिठ्ठी काढून फाडली, तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि आपला जुना चष्मा डोळ्यांवर चढवला.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"तुमच्याबद्दल काही नाही," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.